पात्रतेचे माप

एखादा पूल पडला किंवा एखादा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, म्हणजे आपल्या शहरात जो गहजब होतो त्याचा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. प्रथम कंत्राटदाराच्या नावाने शंख होतो, मग एक चौकशी समिती नेमली जाते, दोन-चार कनिष्ठ अभियंते निलंबित होतात, आणि काही महिन्यांनी पुढची दुर्घटना येऊन मागचीची आठवण पुसून टाकते. सिमेंट किती वापरले, लोखंड कोणत्या प्रतीचे होते, देखरेख कोणी केली, हे प्रश्न योग्यच आहेत आणि ते विचारले गेलेच पाहिजेत. परंतु या सर्वांच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे काम मागण्यास अमुक माणूस पात्र आहे असे सरकारने ठरविले, ते कोणत्या कसोटीवर? ती कसोटी निविदेच्या कागदपत्रांत 'पात्रतेच्या अटी' या मथळ्याखाली छापलेली असते. वृत्तपत्रातील निविदासूचनेच्या चौकटीकडे वाचक जसा ढुंकूनही पाहत नाही, तशीच या अटींकडे आपल्या सार्वजनिक चर्चेनेही आजवर पाठ फिरविली आहे. सरकारी पैशाने होणाऱ्या तांत्रिक कामाचे निम्मे भवितव्य त्या चार-दोन पानांत ठरून गेलेले असते, असे आमचे स्पष्ट मत असल्यामुळे त्यांचा विचार आज आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. सरकारी कामाची निविदा बहुधा दोन लिफाफ्यांत मागविली जाते. कागदी लिफाफे जाऊन आता सारा व्यवहार संगणकावर आला असला तरी पद्धत तीच आहे. पहिल्या लिफाफ्यात इच्छुकाने आपली पात्रता सिद्ध करावयाची, आणि दुसऱ्यात आपला दर सांगावयाचा. पहिल्यात जो उतरला नाही त्याचा दुसरा लिफाफा उघडलाच जात नाही, आणि जे उतरले त्यांतील सर्वांत कमी दराच्या धन्यास काम मिळते. निविदा गंभीरपणे भरली जावी म्हणून केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के बयाणा रक्कम घेतली जाते. पात्रता कशी मोजावी याविषयी केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये एक परिपत्रक काढले, आणि त्यातील प्रमाणे आजही देशभरच्या निविदांत थोड्याफार फरकाने आढळतात. इच्छुकाची गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या अंदाजित खर्चाच्या निदान ३० टक्के असावी. आणि गेल्या सात वर्षांत त्याने समान स्वरूपाची तीन कामे प्रत्येकी ४० टक्के मूल्याची, किंवा दोन कामे प्रत्येकी ५० टक्के मूल्याची, किंवा एक काम ८० टक्के मूल्याचे पूर्ण केलेले असावे, असे ते प्रमाण आहे. म्हणजे पूल ५० कोटींचा असेल तर सरासरी उलाढाल १५ कोटींची हवी, आणि पूर्वीची कामे २० कोटींची तीन, २५ कोटींची दोन किंवा ४० कोटींचे एक हवे. याखेरीज त्याच्या हाती आधीच किती कामे आहेत ती वजा करून त्याची उरलेली कुवत काढण्याचे एक सूत्रही असते.

ही प्रमाणे मुळात वाईट नाहीत. अटी इतक्या सैल असतात की कोणीही सोम्यागोम्या आत शिरतो, किंवा इतक्या कडक असतात की ठरलेल्या एकाच असामीला दार उघडते, ही दोन्ही दुखणी आपल्या प्रशासनास जुनी आहेत. आणि कोठेतरी मध्यम रेषा आखली जावी, हा आयोगाचा हेतू स्तुत्यच होता. परंतु ती रेषा कशाची आहे हे नीट पाहिले पाहिजे. उलाढाल, पूर्वीच्या कामांचे मूल्य, बयाणा, बँकेची हमी ही सारी मापे आकाराची आहेत. कंत्राटदार किती मोठा आहे, हे त्यांवरून कळते. तो काम कसे करतो, त्याने पूर्वी बांधलेला पूल आज कोणत्या अवस्थेत आहे, आणि या कामावर प्रत्यक्ष उभा राहणारा अभियंता कोण, यांपैकी काहीही त्यांवरून कळत नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला पुरेसा मानला जातो. पण दाखला मिळाला त्या दिवशी प्रत्येक रस्ता गुळगुळीतच असतो. त्याची खरी परीक्षा तिसऱ्या पावसाळ्यात होते, आणि त्या परीक्षेचा निकाल कोणत्याही निविदेत मागितला जात नाही.

त्यातही 'समान स्वरूपाचे काम' हे जे तीन शब्द आहेत, खरी ग्यानबाची मेख तेथे आहे. या शब्दांचा अर्थ प्रत्येक निविदेत निविदा काढणारे खाते ठरविते. तो सैल ठेवला तर आयुष्यभर साधे रस्ते करणारा खाडीवरच्या पुलास पात्र ठरतो. तो आवळला, अमुक लांबीचा, अमुक प्रकारच्या पायाचा, अमुकच यंत्राने बांधलेला पूल पाहिजे असे म्हटले, तर साऱ्या देशात एक किंवा दोनच कंपन्या उरतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रकार सारखेच नियमबद्ध दिसतात. स्पर्धा खुली आहे, संगणक निःपक्षपाती आहे, सर्वांत कमी दराला काम दिले आहे, असे खात्यास छातीठोकपणे सांगता येते. कारण निवड त्यापूर्वीच, व्याख्येच्या एका ओळीत, होऊन गेलेली असते.

मुंबईच्या रस्त्यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१६ साली रस्त्यांच्या कामांतील गैरप्रकारांची चौकशी होऊन काही कंत्राटदार काळ्या यादीत गेले, आणि लहान कंत्राटदारांच्या टोळक्याकडून शहराची सुटका केली पाहिजे, हा विचार त्यानंतर बळावला. २०२२-२३ मध्ये महापालिकेने सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणासाठी ज्या निविदा काढल्या, त्यांत म्हणूनच मोठ्या कामांचा अनुभव असलेल्या कंपन्यांनाच प्रवेश राहील, आणि अनेकांनी एकत्र येऊन पात्रता जमविण्यास वाव राहणार नाही, अशा अटी घालण्यात आल्या. पहिल्या खेपेस पुरेसा प्रतिसाद आला नाही. पुन्हा निविदा निघाल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये ६,००० कोटींहून अधिक रकमेची कामे पाच कंपन्यांना देण्यात आली. आकाराच्या मापाने त्या पाचांत कोणी कमी नव्हता. तरीही दक्षिण मुंबईचे काम ज्या कंपनीकडे गेले तिने ते वेळेत सुरूच केले नाही, म्हणून त्याच वर्षअखेर तिचे कंत्राट रद्द करून दंड ठोठावण्याची पाळी महापालिकेवर आली, आणि त्या भागातील नागरिकांस पुन्हा नव्या निविदेची वाट पाहणे प्राप्त झाले. लहानांना वगळल्याने गुणवत्ता येते ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून दिसून यावे. मोठ्या कंपनीजवळ पैसा असतो, यंत्रे असतात. पण ती माणसे आणि ती यंत्रे आपल्याच गल्लीत येतील, याची हमी तिच्या ताळेबंदात मिळत नाही.

बांधकामाची ही कथा झाली. सल्ल्याची कथा याहून गंभीर आहे. १४ मार्च २०१९ रोजी सायंकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला आणि सात जणांचा बळी गेला. त्या पुलाची रचनात्मक तपासणी झालेलीच नव्हती असे नाही. ती झाली होती, आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे त्यास काही नको, असा निर्वाळाही मिळाला होता. लोकांनी त्या निर्वाळ्यावर पाय ठेवला. पुलाची तपासणी हे काम विटा-वाळूचे नाही. ते बुद्धीचे, नजरेचे आणि सचोटीचे आहे. त्यास लागणारा वेळ आणि त्यासाठी लागणारा अनुभवी माणूस स्वस्तात मिळत नाही. अशी सेवा केवळ कमी दरावर विकत घ्यावयाची म्हटले, तर जो पुलाखाली उतरून प्रत्येक तुळई ठोकून पाहणार, तो आपला दर पाहूनच बाजूला पडतो, आणि जो छायाचित्रे काढून अहवाल बांधून देणार, तो पुढे येतो. घोडे पेंड खाते ते येथे.

याचे भान नियम करणाऱ्यांना नाही असे म्हणता येणार नाही. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सल्लासेवेसाठी गुणवत्ता आणि दर या दोहोंस गुण देऊन निवड करण्याची पद्धत मान्य केलेली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने त्याहून एक पाऊल पुढे टाकले. ज्या कामात गुणवत्तेस विशेष महत्त्व आहे असे सक्षम अधिकाऱ्याने घोषित केले असेल, त्या बांधकामासही ही पद्धत लावता येईल आणि दराखेरीज अन्य गुणांस ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येईल, असे त्या सूचनांत म्हटले आहे. सर्वांत कमी दर म्हणजेच सर्वांत मोठे लोकहित, हे समीकरण सरकारनेच अशा रीतीने शिथिल केले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. परंतु मुभा मिळाली म्हणून ती वापरली जातेच असे नाही. कमी दर स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यास लेखापरीक्षक कधी जाब विचारीत नाही. अधिक दराचा पण अधिक लायक माणूस निवडणाऱ्यास मात्र निवृत्तीनंतरही खुलासे देत बसावे लागते. अशा स्थितीत बिचारा अधिकारी कोणता मार्ग पत्करील हे सांगावयास ज्योतिषी नको.

अटी बदलल्या की कामाची जात कशी बदलते, याचे उदाहरण मालवणच्या राजकोट किल्ल्याने आपल्यापुढे ठेवले आहे. शिवछत्रपतींचा जो पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, तेथे उभारला गेला, तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिनेही पुरे होण्याच्या आत कोसळला. एवढ्या मोठ्या कामाचा शिल्पकारास कितपत अनुभव होता, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने तेव्हा विचारला. तो विचारण्याची योग्य वेळ त्यापूर्वीच निघून गेलेली होती. गंज, सदोष जोडकाम आणि सांगाड्याच्या रचनेतील उणिवा ही पतनाची कारणे चौकशीअंती पुढे आली. त्यानंतर नव्या पुतळ्यासाठी जी निविदा निघाली तिचा थाट निराळा होता. पुतळा शंभर वर्षे टिकेल अशी हमी, दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी, आणि आधी तीन फुटांची प्रतिकृती करून तिला मान्यता घेण्याचे बंधन, अशा अटी तीत होत्या. ११ मे २०२५ रोजी तो पुतळा उभा राहिला. यापुढच्या महिन्यातच चौथऱ्यालगतची जमीन खचल्याचे दिसून आले, तेव्हा अटी घातल्या की सारे आपोआप ठीक होते अशा भ्रमात कोणी राहू नये. पण दुरुस्ती कोणी करावयाची हा वाद मात्र त्या अटींमुळे उरला नाही. आमचा प्रश्न एवढाच की, प्रतिकृती दाखवा, टिकाऊपणाची हमी द्या, देखभाल करा, हे शहाणपण सुचण्यासाठी महाराजांचा पुतळा पडावा लागावा काय? बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या सार्वजनिक कामांचे ब्रीदवाक्यच होऊन बसली आहे.

आमच्या या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, पात्रतेच्या अटी वाढविल्या तर नव्या आणि लहान उद्योजकांनी जावे कोठे? अनुभवावाचून काम नाही आणि कामावाचून अनुभव नाही, या चक्रात तरुण अभियंता सापडतो हे खरेच आहे. नवउद्योगांच्या बाबतीत गुणवत्ता आणि तांत्रिक निकष राखून पूर्वानुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करण्याची सवलत २०१७ च्या नियमांत आहे, ती याच जाणिवेतून. परंतु अट वाढवा असे आमचे म्हणणेच नाही. आमचे म्हणणे माप बदला असे आहे. पंधरा कोटींची उलाढाल नसलेल्या पण दहा वर्षे पुलांच्या कामावर काढलेल्या अभियंत्याची लायकी जर नव्या मापाने दिसू लागली, तर लहानाचा त्यात लाभच आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दर हा आकडा आहे, तो खोटे बोलत नाही; गुणवत्तेचे गुण देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांच्या हाती दिला की वशिल्यास राजमार्ग मोकळा होईल, असे अनेक प्रामाणिक प्रशासकही म्हणतात. त्यांच्या भीतीस आधार नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण वशिला आज दारातूनच शिरत आहे, खिडकी बंद करून काय लाभ? 'समान स्वरूपाचे काम' या शब्दांत तो बसू शकतो. सात-आठ दिवसांच्या अल्पमुदतीच्या निविदासूचनेत बसू शकतो. सूचना निघाल्यावर गुपचूप काढलेल्या शुद्धिपत्रकात बसू शकतो. अंदाजपत्रकाहून वीस-तीस टक्के कमी दराने काम घेऊन मग जादा कामाच्या नावाखाली ते पैसे वसूल करणे हा खेळही मुंबईकरास नवा नाही. स्वेच्छेवरचा इलाज स्वेच्छा लपविणे हा नव्हे. ती चव्हाट्यावर आणून तिच्याकडून कारणे मागणे हा आहे.

न्यायालये आहेतच की, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपले काम केलेले आहे. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या एका साध्या निविदेतून उद्भवलेल्या रामण्णा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली असे तत्त्व घालून दिले की, सरकारी संस्थेने पात्रतेची जी अट स्वतः जाहीर केली ती तिच्यावरही बंधनकारक आहे. ज्यात ती अट बसत नाही अशा माणसास मागाहून काम देता येणार नाही. नागरिकांच्या दृष्टीने हा निकाल अनमोल आहे. पण त्याच निकालाचा शेवट वाचण्यासारखा आहे. दाद मागण्यास झालेला विलंब आणि मधल्या काळात झालेला खर्च ध्यानी घेऊन न्यायालयाने ते कंत्राट मात्र रद्द केले नाही. तत्त्व जिंकले आणि उपाहारगृह जेथल्या तेथे राहिले. पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात, निविदेच्या निर्णयाची प्रक्रिया तपासणे एवढेच न्यायालयाचे काम आहे, तज्ज्ञांच्या जागी बसून निर्णय देणे हे नव्हे, अशी मर्यादाही त्याच न्यायालयाने स्वतःस घालून घेतली. तीही रास्तच आहे. तात्पर्य, काम दिले गेल्यावर न्यायालयाकडून मिळणारा न्याय पूल वाचवीत नाही. जे काही करावयाचे ते निविदा निघण्यापूर्वी आणि निघताना केले पाहिजे.

आमच्या सूचना साध्या आहेत. मोठ्या तांत्रिक कामाच्या पात्रतेच्या अटींचा मसुदा निविदेपूर्वी प्रसिद्ध करावा, आणि प्रत्येक अटीपुढे ती का घातली याचे कारण एका वाक्यात द्यावे. ज्या अटीस कारण देता येत नाही ती कोणाच्या तरी सोयीची असते. पूर्वीच्या कामाचा पुरावा म्हणून पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबर त्या कामाची आजची अवस्था तटस्थ तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. कंपनीच्या नावावर न थांबता कामावर राहणाऱ्या अभियंत्यांची नावे, त्यांचा अनुभव आणि ते किती दिवस जागेवर राहतील हे निविदेतच मागावे. त्यांच्या जागी दुसरे आणल्यास आणि उपकंत्राटदाराकडे काम सोपविल्यास त्याची नोंद जाहीर व्हावी. निविदा भरण्यास सामान्यतः निदान तीन आठवडे द्यावेत असे केंद्राचे नियम सांगतात. अल्पमुदतीची सूचना काढणाऱ्या अधिकाऱ्याने त्या घाईचे कारण सही करून प्रसिद्ध करावे. आणि निवड झाल्यावर कोणास किती गुण का मिळाले, कोण का बाद झाला, हे कोणत्याही नागरिकास अर्ज न करता वाचावयास मिळावे.

या सर्वांस आधार देणारा कायदा मात्र अद्याप केंद्रात नाही. सार्वजनिक खरेदीविषयीचे विधेयक २०१२ साली लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये ती लोकसभा संपताच बारगळले. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्राचा कारभार मुख्यतः शासननिर्णय आणि नियमपुस्तिका यांवर चालतो, आणि शासननिर्णय एका सहीने बदलता येतो. कारखाने, धरणे, द्रुतगती मार्ग आणि सागरी सेतू यांत अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्यास हे भूषणावह नाही.

शेवटी एक गोष्ट सरकारला आणि एक आपल्या वाचकांना सांगावयाची आहे. सरकारला असे की, दुसऱ्याची पात्रता पारखण्यास पारखणारा स्वतः पात्र असावा लागतो. अभियंत्यांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून, निविदा लिहिण्याचे कामही सल्लागाराकडे सोपवून आणि त्या सल्लागाराची निवडही कमी दरावर करून कोणतीही अट फलदायी होणार नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? वाचकांना असे की, जो सुशिक्षित मध्यमवर्ग आपल्या मुलाच्या शिकवणीचा मास्तर निवडताना दहा ठिकाणी चौकशी करतो, आणि घराची डागडुजी करणाऱ्या मिस्त्रीचे आधीचे काम स्वतः जाऊन पाहतो, त्याने आपल्या प्रभागातील पुलाचे काम कोणत्या अटींवर दिले जात आहे हे एकदा तरी वाचून पाहावे. ती कागदपत्रे आज संकेतस्थळावर उघडी आहेत, आणि निविदा निघाल्यावर शंका विचारण्याची मुदतही असते. ती शंका आज फक्त कंत्राटदार विचारतात, कारण त्यांचाच पैसा त्यात गुंतलेला आहे असे सर्वांनी गृहीत धरले आहे. पैसा आपला आहे, आणि त्या पुलावरून चालणारे पायही आपलेच आहेत.